अठरा बोल्टांचा पुठ्ठा

बारा मार्चला संध्याकाळी साडेसहा वाजता मिस्त्रीने सिस्टरच्या गाडीचं बिल केलं. चार हजार सातशे पस्तीस रुपये. वेल्डिंग, तेल, फिल्टर, सिलिकॉनची ट्यूब आणि मजुरी. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या सिस्टरने पैसे रोख दिले, किल्ली घेतली आणि विचारलं, "मिस्त्री, उद्या सकाळी सातला निघायचंय. ऐंशी किलोमीटर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, चार महिन्यांनी तारीख मिळालीय. नेऊ ना गाडी?"

"बिनधास्त न्या," मिस्त्री म्हणाला.

हे दोन शब्द तो एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. गिऱ्हाइकं त्या दोन शब्दांसाठीच त्याच्याकडे येत. त्याची गॅरेजची शेड काही दिमाखदार नव्हती. दोन गाड्या मावतील एवढी जागा, वर पत्रा, मध्ये काम करायला खणलेला खड्डा, आणि कोपऱ्यात बायकोचं टेबल. बायको बिलं करायची, स्कूटरवरून सामान आणायची आणि उधारीवाल्यांना गोड बोलून घाम फोडायची. दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय हे कुणी वाचत नसे. लोक म्हणायचे, "हातवाल्याकडे टाक."

हातवाला हे नाव पडलं त्याला कारण होतं. बोल्ट किती आवळायचा हे मोजायला एक खास पाना मिळतो. ठरलेला जोर लागला की तो कट्‌ असा आवाज करतो. मिस्त्रीकडे तो नव्हता. एकदा एका मोठ्या शोरूमचा माणूस चेष्टेच्या सुरात म्हणाला, हाताने काय कळतं. मिस्त्रीने त्याच्यासमोर सहा बोल्ट आवळले आणि सांगितलं, लावा तुमचा पाना. सहाही बोल्ट कट्‌ म्हणून बोलले, एकही जागचा हलला नाही. पुढे लोकांनी सहाचे सोळा केले, शोरूमवाल्याला नोकरी सोडायला लावली, पण मूळ गोष्ट खरी होती.

हा हात त्याला फुकट मिळालेला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तो ज्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे कामाला लागला, त्याने पहिले चार महिने त्याला पान्याला शिवू दिलं नाही. दुपारी काम कमी झालं की म्हातारा एका गोणीत शे-दीडशे बोल्ट ओतायचा आणि म्हणायचा, "डोळे मीट. आठ नंबरचा लांब काढ." चुकीचा निघाला तर शिवी द्यायचा नाही, बोल्ट परत गोणीत टाकायचा आणि सांगायचा, "गाडीखाली उजेड नसतो. तिथे तुझे डोळे म्हणजे ही बोटं." चार महिन्यांनी त्याची बोटं लांबी, जाडी आणि आट्यांची बारकाई सांगू लागली, आणि मग पस्तीसहून जास्त वर्षं सांगत राहिली.

गेल्या वर्षी ती हळूहळू गप्प झाली.

उजवा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट. आधी वाटलं, हात अंगाखाली आला असेल. मग वाटलं, थंडी आहे. थंडी संपली तरी बोटांवर कुणी पातळ रबर चढवल्यासारखं वाटत राहिलं. पाना धरता यायचा, जोर लागायचा, पण जोर कुठे जाऊन थांबला ते कळायचं नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. हातवाल्याचा हात गेला म्हटल्यावर मागे उरतं काय? हा प्रश्न घेऊनच तो रोज सकाळी शेड उघडत होता.

सिस्टरची गाडी आली ती चेंबर फुटून. इंजिनाच्या बुडाशी तेल साठवणारं जे पसरट भांडं असतं त्याला चेंबर म्हणतात. रस्त्यातल्या दगडाने त्याला बोटभर चीर पाडली होती. दहा तारखेला मिस्त्रीने ते उतरवलं. त्याला अठरा बोल्ट. सोळा आखूड, दोन लांब. लांब दोन मागच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, कारण तिथे पत्र्याची जाड पट्टी मध्ये येते.

कुठला बोल्ट कुठला हे विसरायला नको म्हणून त्याची एक पद्धत होती. प्रत्येक मॉडेलचा एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढलेला, जिथे बोल्ट तिथे भोक, एका टोकाला बाण आणि 'पुढे' असं लिहिलेलं. बोल्ट निघाला की पुठ्ठ्यातल्या आपापल्या भोकात. असे तीसेक पुठ्ठे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत, तेलाने काळे पडलेले. बायको त्यांना फॅमिली फोटो म्हणायची.

चेंबर वेल्डिंगला गेलं, बोल्ट धुवायला निघाले. पूर्वी ते मिस्त्री स्वतः धुवायचा. पण पावसाळ्यापासून त्याच्या हातून बोल्ट निसटून रॉकेलच्या डब्यात पडू लागले, तेव्हा बायको एक दिवस म्हणाली, "द्या इकडे, मला बसल्या बसल्या होतं." त्याने डबा तिच्याकडे सरकवला. तेव्हापासून बोल्ट ती धुवायची आणि पुन्हा पुठ्ठ्यात लावून ठेवायची.

बारा तारखेला दुपारी चेंबर परत चढलं. दोन्ही कडा घासून स्वच्छ, त्यावर सिलिकॉनची सारखी धार, मग बोल्ट. मधल्यापासून सुरुवात, समोरासमोरच्या जोड्या, आधी हाताने, मग पान्याने तीन फेऱ्यांत. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे हातवाल्याची सही. तीन तासांनी तेल भरलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं, खाली कागद पसरला. कागदावर एक थेंब नाही.

तेरा तारखेला सकाळी पावणेआठला नवरा-बायकोने शेड उघडली. मिस्त्रीने बाकावर पडलेला पुठ्ठा खिळ्याला टांगायला उचलला आणि सहज उलटला. बाण आणि 'पुढे' मागच्या बाजूला होतं. काल बोल्ट उचलताना त्याने सवयीने तिकडे बघितलंच नव्हतं.

त्याने पुठ्ठा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघितला. भोकं आरपार होती. मागच्या बाजूने बोल्ट लावले की डाव्याचं उजवं होणार. बाकीचे सोळा सारखेच, त्यांनी काही बिघडत नाही. पण दोन लांब बोल्ट उजव्या कोपऱ्यात गेले असणार, आणि उजव्या कोपऱ्यातली भोकं बंद बुडाची. लांब बोल्ट तिथे बुडाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण चेंबरला धरत नाही. तो कोपरा नुसता सिलिकॉनवर चिकटलेला. शेडमध्ये दहा मिनिटं टिकेल. हायवेवर तापलेलं इंजिन तासभर थरथरलं की सुटेल.

त्याने सिस्टरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सिस्टर गाडी चालवताना फोन घेत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि मग, फोन कानाला तसाच, तो बायकोकडे वळला.

"बोल्ट उलट्या बाजूने लावलेस तू."

टेबलाशी बसलेल्या बायकोने पुठ्ठा बघितला. तिच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. "समोरची बाजू तेलाने बरबटली होती," ती म्हणाली. "धुतलेले बोल्ट परत मळतील म्हणून स्वच्छ बाजूने लावले."

"त्या बाईची म्हातारी आई आहे गाडीत. इंजिन जाम झालं भर रस्त्यात, तर?"

"लावले मीच. नाही कुठे म्हणतेय?" तिचा आवाज चढला नाही. "पण हातात घेतल्यावर तुम्हाला लांब-आखूड कळायला नको? एरवी झोपेत कळायचं."

त्याने फोन खाली घेतला.

"शर्टाची बटणं सकाळी माझी पाठ वळली की लावता," ती म्हणाली. "परवा कप पडला तर कपाला दोष दिलात. काल किल्ली पडली तर किल्लीला. आज माझी पाळी."

त्याने तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी तो तिकडून उचलला गेला.

"तुम्हालाच लावत होते," सिस्टर म्हणाली. "समोर तेलाचा लाल दिवा लागलाय. तुम्ही सांगितलं होतं ना, दिवा लागला की तिथल्या तिथे बंद. बंद केलीय."

"चालू करू नका. काहीही झालं तरी चालू करू नका. कुठे आहात?"

ती सव्वीस किलोमीटरवर होती, एका पेट्रोल पंपाच्या अलीकडे. मिस्त्रीचा जीव अर्धा भांड्यात पडला, अर्धा बाहेरच राहिला.

बायकोने स्कूटर काढली. त्याने पिशवीत पाने, सिलिकॉन, खरवडायची पट्टी आणि तो पुठ्ठा टाकला, तेलाचा डबा मांडीवर घेतला आणि मागे बसला. चालवायला तू बस असं म्हणावं लागलं नाही. ती आधीच पुढे बसली होती. सव्वीस किलोमीटरमध्ये तो दोनदा बोलला. एकदा "हळू," आणि एकदा "जरा जोरात." तिने दोन्ही ऐकलं नाही.

पंपावरच्या माणसांनी गाडी ढकलून मागच्या सिमेंटच्या उतारावर घेतली होती, जिथे ट्रक धुतात. ट्रक वर, माणूस खाली उभा राहू शकेल अशी जागा. गाडीमागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ आली होती. सिस्टर हातावर हात बांधून उभी होती. तिची आई पंपाच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, एका डोळ्यावर जाळी असल्यासारखं बघत बसली होती.

मिस्त्री खाली गेला, बॅटरी मारली. उजवा कोपरा केसाएवढा उघडला होता आणि तिथून थेंब पडत होते. शेजारी दोन बोल्ट, दोघांच्या डोक्यावर पांढरे ठिपके. त्याच्या सह्या.

तो वर आला तेव्हा सिस्टर म्हणाली, "काय झालं?"

"दोन बोल्ट चुकीच्या भोकात गेले."

"कसे गेले?"

बायको पुढे झाली. "सिस्टर, ते बोल्ट मी..."

"माझ्या हाताला कळलं नाही," मिस्त्री मध्येच म्हणाला. आणि एकदा तोंडातून निघालंच म्हटल्यावर पुढचंही सांगून टाकलं. "या तीन बोटांना कळत नाही. बरेच दिवस झाले. काल तुम्हाला बिनधास्त न्या म्हणालो, तेव्हाही कळत नव्हतं."

सिस्टरला राग आला होता हे दिसत होतं, आणि तो कुठे ठेवायचा हा प्रश्नही दिसत होता. शेवटी तिने पंपवाल्याला टॅक्सी बोलवायला सांगितलं. वीस मिनिटं लागतील असं कळल्यावर ती मिस्त्रीकडे वळली. "हात द्या."

"तेलाचा आहे."

"द्या म्हटलं ना."

तिने केसांतली पिन काढली, तिची दोन टोकं फाकवली. "डोळे मिटा. टोचलं की सांगायचं, एक टोक लागतंय की दोन."

त्याने डोळे मिटले. त्याला गोणी आठवली.

"एक," तो म्हणाला. "एक. एक." मग बराच वेळ काही नाही. "लावा की."

"लावलंय," सिस्टर म्हणाली.

करंगळीवर आल्यावर तो लगेच म्हणाला, "दोन."

"उघडा डोळे. सगळीकडे दोनच लावत होते." तिने पिन पुसली. "किती दिवस?"

"सात महिने."

"आठ," बायको म्हणाली.

"झोपेतून उठून हात झटकता?"

"रोज," उत्तर पुन्हा बायकोनेच दिलं. "पलंग हलतो."

"मनगटात नस दाबली गेली असेल. मी डॉक्टर नाही, पण दवाखान्यात असे हात बघते. नस मोकळी करता येते. उशीर झाला असेल तर बोटं कितपत परत येतील ते कुणी छातीठोक सांगणार नाही." ती थांबली. "गाडीवाले गाडीचा दिवा लागला की थांबा सांगतात. स्वतःचा लागला की वरून फडकं टाकतात."

खुर्चीतून म्हातारी म्हणाली, "ओरडू नकोस गं त्याला. मला तरी कुठे सांगितलं होतं मी, दिसत नाही म्हणून? दारावर आपटले तेव्हा तुला कळलं."

"तू गप्प बस. तुझाही हिशेब आहे माझ्याकडे."

"गाड्यांचं बरं असतं," म्हातारी मिस्त्रीला म्हणाली. "पार्ट तरी मिळतात."

टॅक्सी आली. टॅक्सीवाल्याने उरलेल्या चोपन्न किलोमीटरचे सहाशे चाळीस सांगितले, एक पैसा कमी नाही. मिस्त्रीने खिशात हात घातला. घाईत निघताना पाकीट शेडमध्येच राहिलं होतं. वरच्या खिशात पाचशेची एक नोट होती. ती त्याने पुढे केली. बायकोने पर्स उघडली, तिच्यात बिलबुक आणि पेन. सिस्टरने पाचशे घेतले, वरचे स्वतः घातले आणि म्हणाली, "नंतर बघू." टॅक्सी गेली तेव्हा सव्वानऊ झाले होते. म्हातारीला साडेनऊला दवाखान्यात हजर राहायचं होतं.

मग दोघं उताराखाली गेले. उरलेलं तेल काढलं, अठरा बोल्ट काढले, चेंबर खाली घेतलं. मिस्त्रीने दोन लांब बोल्टांची भोकं बॅटरीने तपासली. बुडाला तडा गेलेला नव्हता. जुनं सिलिकॉन खरवडायला तासभर गेला. नवी धार त्याने घालायला घेतली, पण ट्यूब किती दाबली जातेय ते अंगठ्याला उमगेना. एका ठिकाणी सुतळीएवढी, पुढे दोराएवढी. त्याने ती पुसून टाकली आणि ट्यूब बायकोच्या हातात दिली.

तिने धार घातली. पुठ्ठा बाणाची बाजू वर करून मांडला, बोल्ट एक-एक करून लावले, लांब दोन डावीकडे.

"मधून सुरुवात कर," तो म्हणाला. "समोरासमोरचे. पंजाचा जोर, दंडाचा नाही."

"एकोणतीस वर्षं ऐकतेय. शेडमध्ये कान घरी ठेवून येत नाही मी."

"पहिल्या फेरीत नुसते टेकव."

"टेकवले."

दुसरी फेरी झाली, तिसरी निम्मी झाली. तिने मान वर ठेवून विचारलं, "आता पुरे का?"

तो उजवा हात पुढे नेणार होता. नेला नाही. डाव्या हाताने पाना धरला आणि किंचित ओढून बघितला. डाव्या हाताला कळत होतं, पण त्याला या कामाची सवय नव्हती. जे सांगितलं ते अडखळत सांगितलं. "मला वाटतं, पुरे," मिस्त्री म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं अजून थोडा."

त्याने विचार केला. जन्मात पहिल्यांदा त्याला आवळलेल्या बोल्टाबद्दल दुसऱ्याचं मत विचारावं लागत होतं, आणि उत्तर आलं तर ते बरोबर की चूक हे सांगणारं खात्रीचं कुणी त्याच्याजवळ नव्हतं. "बरं. अजून थोडा," तो म्हणाला.

अठरा झाले. तिने पांढऱ्या रंगाची बाटली मागितली. त्याने झाकण उघडून दिलं आणि तिने ठिपके दिले. त्याच्या ठिपक्यांपेक्षा मोठे, जरा ओघळलेले.

सिलिकॉन वाळायला तीन तास सोडावे लागणार होते. पंपाच्या भिंतीच्या सावलीत दोघं बसले. दोन ट्रक धुवायला आले, उतार अडलेला बघून कुरकुर करत गेले.

"सकाळी तुझं नाव घेतलं मी," तो म्हणाला.

"घेतलंत."

"घ्यायला नको होतं."

"नकोच होतं." ती बिलबुकाचा कोपरा दुमडत होती. "बोल्ट उलटे मी लावले, ते माझं. आठ महिने लपवलंत, ते तुमचं. आणि मला दिसत असून मी बोलले नाही, ते कुणाचं ते तुम्ही ठरवा."

मग बिलबुक मिटून ती म्हणाली, "शेडमध्ये दोन गाड्या आहेत, बाहेर एक. दोघांना कळवते, दुसरीकडे न्या म्हणून. तिसऱ्याचा ब्रेक आहे, तो तर नकोच."

"नकोच," तो म्हणाला. ब्रेकच्या कामाला त्याने आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं होतं.

अडीच वाजता सिस्टरचा फोन आला. त्यांना पोचायला पाऊण तास उशीर झाला, म्हातारीचा नंबर गेला. डॉक्टरांना विनवून सव्वीस मार्च मिळाली होती. "तेव्हाही गाडीनेच जाणार," सिस्टर म्हणाली. "पण बोल्ट कुणी आवळलेत ते आधी सांगा."

"बायकोने," मिस्त्री म्हणाला. "मी बघितलेत, डाव्या हाताने."

"बरं," सिस्टर म्हणाली. "आणि तुमची तारीख?"

"सोमवारी दाखवतो."

"सोमवारी मी दवाखान्यात आहे. बघते, येता का."

तेल भरलं. या वेळी त्यांनी अर्धा तास इंजिन चालवलं आणि दर पाच मिनिटांनी खालचा कागद बघितला. कागद कोरा होता. मिस्त्रीने तरी तो घडी करून खिशात घातला नाही की समाधानाने मान हलवली नाही; कालचा कागदही कोराच होता. परतताना बायकोने गाडी चालवली, पन्नासच्या वर नाही, आणि मिस्त्री स्कूटरवर तिच्या मागे मागे आला, रस्त्यावर नव्या थेंबांची रेघ उमटतेय का ते बघत. रेघ जुनीच होती, सकाळची.

शेडमध्ये आल्यावर बायकोने सगळे पुठ्ठे खाली काढले आणि मार्करने दुसऱ्या बाजूलाही बाण काढून 'उलटी बाजू' असं लिहिलं. मिस्त्री सोमवारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी मनगटावर ठोकून बघितलं, नसांची विजेने करायची तपासणी लिहून दिली आणि बोटांबद्दल विचारल्यावर म्हणाले, आधी रिपोर्ट येऊ द्या.

रिपोर्ट अजून यायचा आहे. टॅक्सीचे सहाशे चाळीस झाले होते, मिस्त्रीने पाचशे दिले. सिस्टरचे एकशे चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.